मीटिंगला ओळखीचं कुणी भेटलं तर?

*ताई, नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. वय ४३. पंधरा वर्षं झाली, पितो. आधी वसुलीला गेल्यावर चारचौघांत, मग कंपन्यांच्या पार्ट्यांत, आता एकटाच. दोनदा पंढरपूरला जाऊन माळ घातली. पहिल्यांदा आषाढीपासून पोळ्यापर्यंत टिकली, दुसऱ्यांदा तेवढीही नाही. मागच्या महिन्यात मुलीनं शाळेच्या फॉर्मवर माझी सही स्वतःच ठोकली, कारण माझी सही आता जुळत नाही (सकाळी हात थरथरतो, दुकान उघडायच्या आधी नव्वदी घ्यावी लागते). एका कंपनीच्या प्रतिनिधीनं ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, मीटिंगचं सांगितलं. आमच्या गावात तसलं काही नाही. कुठं शोधू? तिथं ओळखीचं कुणी भेटलं तर धंद्याचं काय? सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागतं का? आणि ते ख्रिश्चन लोकांचं आहे म्हणतात, मग माळेचं काय? बायकोनं मध्यंतरी कसलीशी पावडर भाजीत कालवली होती, त्यावरून घरात मोठा तमाशा झाला. नाव छापू नका.*

भाऊ,

प्रश्न तुम्ही चार विचारलेत, पण मी सुरुवात करते ती तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यापासून. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही तिथं लपवली आहे. सकाळी हात थरथरतो आणि नव्वदी पोटात गेली की थांबतो, म्हणजे शरीर आता दारू धरूनच चालायला लागलंय. अशा माणसानं भावनेच्या भरात ‘आजपासून बंद’ म्हटलं तर घाम, मळमळ, झोप उडणं पहिल्याच दिवशी सुरू होतं. फिट यायचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत असतो. काहींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास व्हायला लागतात, ताप चढतो, दिवस की रात्र कळत नाही. यात माणूस दगावू शकतो.

माझ्या मावसभावाच्या वेळी नको तो शहाणपणा मीच केला होता. तेव्हा मी नुकती समाजकार्याची पदवी घेऊन आले होते, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं वय. ऐन दिवाळीत मावशीला म्हटलं, चार दिवस कोंडून ठेव, आपोआप उतरेल. त्याला कापसाच्या खोलीत कोंडला. दुसऱ्या रात्री फिट आली, जीभ चावली गेली. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात तो कॉटवर मांडी घालून वाकळेवरच्या मुंग्या वेचत होता. एकेक मुंगी चिमटीत धरायचा, खाली टाकायचा, पुन्हा दुसरी शोधायचा. वाकळेवर एकही मुंगी नव्हती. वाचला तो. मावशी मात्र पुढं दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही.

म्हणून आधी डॉक्टर. आणि डॉक्टरची भेट होईपर्यंत एकदम बंद करू नका. दारूबद्दल असं सांगणारी ताई तुम्हाला विचित्र वाटेल, वाटू द्या. मागं दोनदा माळ घातली तेव्हा काही झालं नाही, म्हणून या वेळीही होणार नाही असं धरून चालू नका. दर खेपेला सोडतानाचा त्रास वाढत गेलेला मी पाहिलाय. जिल्ह्याच्या सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते. तिथं ओळखीचे लोक दिसतील असं वाटत असेल तर नांदेड, अंबाजोगाई किंवा लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठा, नाहीतर थेट संभाजीनगरचं सरकारी ‘घाटी’ रुग्णालय. पाटीवर ‘मानसोपचार’ लिहिलंय म्हणून बाहेरून माघारी फिरू नका. डॉक्टरला ‘थोडी घेतो’ असं सांगायचं नाही. रोज किती, सकाळची कधीपासून, आधी सोडली तेव्हा पहिले चार दिवस कसे गेले, हे जसंच्या तसं सांगायचं. औषधाची मात्रा त्यावर ठरते. काही दिवस हळूहळू कमी करत न्यायच्या गोळ्या देतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, गरज वाटली तर भरती करून घेतात. २०१९ साली केंद्र सरकारनं देशभरच्या पाहणीचा अहवाल काढला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागं कसलाही उपचार मिळालेला एकच निघाला होता. उरलेले ३७ तुमच्यासारखेच ‘कुणी बघितलं तर’ या विचारात असणार.

आता मीटिंग.

ही ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस मुळात सुरू झाली ती एका फोनवरून. १९३५ चा मे महिना. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी कामाला आला होता. सौदा फिसकटला. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका टोकाला बार होता, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. तो टेलिफोनकडं गेला आणि तिथल्या चर्चच्या यादीवरून एकामागून एक नंबर फिरवू लागला: या गावात मला बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळेल का? त्यातून गाठ पडली डॉक्टर बॉब स्मिथ नावाच्या सर्जनशी. डॉक्टरनं पंधरा मिनिटं कबूल केली होती, बसले कैक तास. डॉक्टर बॉबनं शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला. त्या सकाळी त्याला ऑपरेशन करायचं होतं आणि हात थरथरत होता, म्हणून बिलनंच त्याला बिअर दिली. त्यानंतर नाही. ए.ए. आपला वाढदिवस तोच मानते. तुमचं कंसातलं वाक्य वाचताना मला हा सर्जनचा हात आठवला.

आपल्याकडं ही मंडळी आली १९५७ मध्ये, मुंबईत. देशाचं त्यांचं मुख्य कार्यालय, ज्याला ते जनरल सर्व्हिस ऑफिस म्हणतात, मुंबईतच आहे. त्यांची वेबसाइट आहे, हेल्पलाइन आहे. तिथं ‘माझ्या जवळची मीटिंग’ असं मोघम विचारू नका. जिल्ह्याचं नाव घेऊन विचारा: परभणी, नाही तर नांदेड, नाही तर जालना, नाही तर संभाजीनगर. वार कोणता, वेळ काय, आणि त्या गटातल्या कुणाचा तरी नंबर. मग त्या नंबरवर फोन करा, आणि ज्या दिवशी जायचं त्या दिवशी दुपारी परत एकदा करा. यांची स्वतःची इमारत बहुधा नसते. कुठं शाळेची खोली, कुठं दवाखान्याचा हॉल, कुठं मंदिराची पडवी. शाळेत परीक्षा लागली की मीटिंग दुसरीकडं हलते. गल्लीत जाऊन पाटी शोधत बसाल तर रिकाम्या हातानं परत याल आणि घरी येताना मनाला म्हणाल, ‘बघ, नाहीच भेटली.’ तसं म्हणायला मन टपूनच बसलेलं असतं. पहिल्या फोनला कुणी उचललं नाही तर रागावू नका. उचलणारा पगारी नसतो. तो कुठं गॅरेजवर असतो, कुठं बँकेत, संध्याकाळी परत फोन करतो. बोलायचं काय याचीही तयारी नको. ‘मला मीटिंगला यायचंय’ एवढं पुरतं, पुढचं तो विचारतो.

शिवाय ज्या मानसोपचार ओपीडीत जाल तिथल्या समाजसेवकाला विचारा. जवळपास कुठं काय भरतं हे त्यांना बहुधा डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत असतं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक त्रासासाठीच्या ‘टेली मानस’ची १४४१६, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. कोविडनंतर ऑनलाइन मीटिंगाही सुरू झाल्या. दुकानाचं शटर ओढून, व्हिडिओ बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. सुरुवातीला तेही करा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण मोबाइल खाली ठेवला की समोर तेच शटर आणि तोच गल्ला असतो.

तिथं काय चालतं, याची तुम्हाला धास्ती आहे. मी कामाच्या निमित्तानं एकदा खुल्या मीटिंगला बसले होते. (खुली म्हणजे कुणीही यावं, घरचेही. बंद मीटिंग फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी. फोनवर विचारून घ्या.) पहिली-दुसरीचा वर्ग होता. फळ्यावर दुपारच्या पोरांचा दोनाचा पाढा तसाच. बाकडीही पोरांचीच, त्यामुळं ट्रक चालवणारा एक गडी, एक निवृत्त फौजदार, एक शाळामास्तर, बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा, सगळे गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले. टेबलावर चहाची किटली आणि बिस्किटाचा पुडा. एकेक जण नाव सांगायचा, फक्त पहिलं नाव, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणायचा आणि आपलं सांगायचा. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘तू असं करायला पाहिजे होतंस’ म्हणत नाही. मला ते फार जड गेलं. सल्ले देणं हा माझा धंदा आहे.

ट्रकवाला म्हणाला, “मी समजायलो होतो, बायकोच्या कटकटीनं पितो. ती माहेरी गेली. मग कटकट नाही म्हणून प्यायलो.” सगळे हसले, तो सगळ्यात जास्त. शेवटी एक कापडी पिशवी फिरली, ज्यानं त्यानं दहा-वीस टाकले. माझ्याकडं आली तेव्हा शेजारच्यानं हळूच पुढं सरकवली. बाहेरच्याचे पैसे ते घेत नाहीत, आणि नव्या माणसानंही टाकायची गरज नसते. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, सहीसुद्धा नाही. तुमच्यासारख्याला ही शेवटची सवलत मोठी.

बोलावं लागत नाही. पाळी आली की ‘आज ऐकायलाच आलोय’ म्हणायचं, पुढचा सुरू करतो. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. सुटलेली असली पाहिजे असंही नाही. पिऊन आलेल्यालाही मागं बसवून घेतात. त्यानं फक्त गोंधळ घालायचा नाही.

आणि ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटू द्या की. तो तिथं युरिया घ्यायला आलेला नसणार. तुम्ही त्याला जेवढं बघाल तेवढंच तो तुम्हाला बघणार, आणि बाहेर जाऊन सांगायचं झालं तर ‘तू तिथं काय करत होतास’ याचं उत्तर त्यालाही द्यावं लागेल. रागावणार नसाल तर आणखी एक सांगते. नव्वदीचा वास काउंटरच्या पलीकडच्या माणसाला येतो. तुमची गिऱ्हाइकं काही बोलत नाहीत, कारण त्यांची उधारी तुमच्या वहीत आहे. गावाला ठाऊक नाही असं तुम्ही समजून आहात एवढंच.

तरीही मन धजत नसेल तर पहिल्या पाच-सहा मीटिंगा दुसऱ्या जिल्ह्यात करा. मनमाड-नांदेड लाइन तुमच्या जिल्ह्यातून जाते. एका अंगाला जालना, संभाजीनगर, दुसऱ्या अंगाला नांदेड. बियाणं कंपनीच्या मीटिंगला जाताच ना महिन्यातून दोनदा? पण मोटरसायकलनं किंवा आपल्या गाडीनं जाऊ नका. मीटिंग संध्याकाळची असते, दीड तासात संपते, आणि परतीच्या रस्त्यावर अंधारात ढाब्यांचे लाल-हिरवे दिवे लागलेले असतात. मन हलकं झालेलं असतं आणि हलकं मन फार धोक्याचं. ‘आज एवढं चांगलं वाटतंय तर...’ असं सुरू होतं ते तिथं. रेल्वेनं किंवा एसटीनं जा. एसटी बिअर बारसमोर थांबत नाही, हा तिचा मोठा गुण. शेवटची गाडी किती वाजता हे आधी बघा, आणि मीटिंगमधून निघताना दोघांचे नंबर घ्या. एकाचा नको, दोघांचे. ज्या रात्री लागेल त्या रात्री एक जण हमखास लग्नाला गेलेला असतो. यांच्यात जुना माणूस नव्याचा हात धरतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. तो पुढं तुमचा तुम्हाला सापडेल, घाई नको.

आता माळ. ए.ए.ची मुळं ख्रिश्चन मंडळींच्या एका चळवळीत आहेत, ते खरं आहे. दारू सोडायच्या वाटेवरच्या त्यांच्या बारा पायऱ्यांत देव येतो, शेवटी प्रार्थनाही होते. पण १९३९ साली पायऱ्या छापल्या तेव्हाच त्यांनी ‘आम्हाला जसा उमगला तसा देव’ असे शब्द घातले. तुमचा विठोबा तिथं आरामात मावतो. देव न मानणारेही येतात. ते समोर बसलेल्या दहा माणसांनाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात.

मला तुमच्या माळेबद्दल दुसरंच वाटतं. वारीत माणूस दिंडीत चालतो. पाय दुखले तर मागचा ढकलतो, पुढचा अभंग उचलतो. तुम्ही माळ घातलीत आणि एकटेच घरी आलात, त्याच दुकानात, त्याच उधारीत, आणि वचन दिलंत ते जन्मभराचं. पोळ्यापर्यंत टिकली याचंच मला नवल आणि कौतुक. माळकऱ्यांत दारूवर बोलायची सोय नसते. माळ उतरवली की माणूस तोंड लपवतो, पुन्हा त्या कीर्तनाला जात नाही. मीटिंगमध्ये घसरलेला माणूस पुढच्या आठवड्यात येऊन ‘मंगळवारी प्यायलो’ म्हणतो आणि त्याला चहा मिळतो. वचन मागतात ते आजच्या दिवसाचं. म्हणून आता लगेच तिसऱ्यांदा माळ घालायला धावू नका. काही महिने जाऊ द्या, मग घाला, आणि घातल्यावरही मीटिंगला जात राहा.

उपयोग होतो का, हेही तुमच्या मनात असणार, व्यापारी माणूस आहात. २०२० साली जगभरच्या २७ अभ्यासांचा, मिळून १०,५६५ माणसांचा आढावा निघाला. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याकडं वळवणारे उपचार इतर नावाजलेल्या उपचारांपेक्षा सरस ठरले. सगळ्यांना लागू पडतं असं नाही. काहींना भरती होऊनच जमतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, त्यांच्याशीही बोलता येईल. मात्र ‘गाडी पाठवतो, उचलून नेतो’ म्हणणारं केंद्र घरच्यांनी शोधलं तर त्यांना थांबवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसनही येतं. केंद्राची नोंदणी आहे का हे विचारायचा हक्क तुम्हालाही आहे आणि तुमच्या बायकोलाही.

तिच्या पावडरीवरून तुम्ही तमाशा केलात. पावडर धोक्याची होती, यात शंका नाही. त्यात काय होतं देव जाणे, पण असल्या पुड्यांत डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वरून दारू पोटात गेली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं. पण भाऊ, भाजी ढवळताना तिचा हात थरथरला नसेल? पंधरा वर्षं तिनं बाकी सगळं करून पाहिलं असणार. तिच्यासारख्यांसाठी अल-अनॉन नावाचे गट असतात, १९५१ पासून. ते ए.ए.पेक्षा वेगळे, फक्त घरच्यांचे. मुंबईच्या फोनवर तेही विचारून ठेवा. नसेलच जवळ, तर खुल्या मीटिंगला तिला बरोबर न्या.

अजून एक, आणि याला टाळू नका. तुमच्या दुकानात फवारणीची औषधं आहेत. दारू सोडतानाचे पहिले आठवडे मन फार खाली जातं, आणि आपल्या भागात त्याचं काय होतं हे तुम्ही काउंटरवर उभं राहून माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. त्या कपाटाची चावी सध्या दुकानातल्या पोराकडं असू द्या, रात्री दुकानात एकटे थांबू नका. नको तो विचार आला तर १४४१६ रात्रीही चालू असतो. तिथं नाही तर त्या दोन नंबरांपैकी एकावर फोन लावा.

तुमच्या गावात मीटिंग नाही, हे खरंच. पण दारू सोडू पाहणारी दोन माणसं एकत्र बसली तर त्यांना गट म्हणायला ए.ए.ची हरकत नसते. अॅक्रनमध्येही दोघंच होते. वर्षभर आधी स्वतःचं बघा, मग त्याचा विचार करा. गावात दुसरा कोण आहे हे तुम्हाला आत्ताच माहीत आहे, नाव लिहू नका.

फोन सकाळी करू नका, सकाळ तुमची नसते. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा करा. आणि बायकोला सांगा, तिला काही लिहावंसं वाटलं तर तिनं मला वेगळं पत्र पाठवावं. ते तुम्ही आधी वाचायचं नाही.